मधुमेही मांजराचें पथ्यपाणी

मागील वर्षीं ज्येष्ठाच्या अखेरीस आमच्या मागच्या पडवींत मुंग्या फार झाल्या. पावसाळ्याच्या तोंडावर मुंग्या निघणें हें पुण्यांतील जुन्या वाड्यांस नवें नाहीं. परंतु या मुंग्या साखरेच्या डब्याकडे न जातां, कोपऱ्यांत मांजरासाठीं वाळू भरून ठेविलेल्या घमेल्याकडे रांगेनें जात. ही गोष्ट प्रथम आमच्या नातवाच्या लक्षांत आली. "आजोबा, गुंड्याच्या शूला मुंग्या लागतात," असें तो म्हणाला, तेव्हां आम्हीं वर्तमानपत्र खालीं ठेविलें व उठून पाहिलें. जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविल्यामुळें चरकसंहितेचीं कांहीं प्रकरणें आमच्या नजरेखालून गेलेलीं होतीं. प्रमेहाच्या रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, ही खूण आपल्या वैद्यकग्रंथांनीं केव्हांच सांगून ठेविली आहे. ती माणसापुरती आहे असा आमचा समज होता. पडवींत उभे असतां तो समज डळमळला.

गुंड्या हा आमच्या घरचा पिवळ्या पट्ट्यांचा बोका, वय वर्षें अकरा. लहानपणींच शस्त्रक्रिया करून घेतलेली असल्यामुळें भटकणें व भांडणें हे बोक्याचे नेहमींचे उद्योग त्याच्या वाट्यास आले नाहींत. खाणें, दिवाणखान्यांतील गादीवर निजणें, आणि ऊन सरकेल तसें आपणही सरकणें, एवढाच त्याचा दिनक्रम. वजन पावणेसात किलो झालें होतें. येणारा-जाणारा 'काय गुबगुबीत आहे हो!' म्हणे व आम्हां सर्वांस त्याचें भूषण वाटे. त्या उन्हाळ्यांत तो वाळूं लागला. भूक मात्र दुप्पट झाली. पाणी तर इतकें पिऊं लागला कीं वाटी पुरेना. न्हाणीघरांतील बादलीच्या कांठावर पुढचे पाय टेकून तो पीत बसे. पुढें चालण्यांतही फरक पडला. मांजर बोटांवर चालतें. हा मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीस टेकवून, चिखलांतून चालल्यासारखा चालूं लागला. म्हातारपण आलें, असें म्हणून आम्ही स्वस्थ बसलों होतों.

पशुवैद्यांनीं रक्त तपासलें तेव्हां साखर ४१८ निघाली. तरी त्यांनीं लगेच निदान उच्चारलें नाहीं. मांजरास टोपलींत घालून, रिक्षांतून, कुत्र्यांच्या भुंकण्यांतून दवाखान्यांत नेलें म्हणजे केवळ भीतीनें निरोगी मांजराचीही साखर वर चढते. म्हणून त्यांनीं मूत्र तपासलें व 'फ्रुक्टोसामीन' नांवाची दुसरी रक्तपरीक्षा करविली. तिच्यावरून मागील एक-दोन आठवड्यांतील साखरेचा अंदाज कळतो. क्षणभराच्या घाबरण्यानें तो आंकडा हालत नाहीं. तोही चढाच आला, आणि संशय उरला नाहीं.

मांजराचा मधुमेह बहुधा माणसास प्रौढपणीं होणाऱ्या मधुमेहाच्या जातीचा असतो. स्वादुपिंड इन्शुलिन तयार करितें. पण तें पुरत नाहीं, आणि शरीर त्यास पुरेशी दाद देत नाहीं. लठ्ठपणा, उतार वय, बसून काढलेला दिवस, आणि शस्त्रक्रिया झालेला नर असणें, या गोष्टी त्या रोगास वाट करून देतात. पायांची ती चाल म्हातारपणाची नव्हती; वाढलेल्या साखरेनें मज्जातंतू दुखावल्याची ती खूण होती. डॉक्टरांनीं आणखी एक प्रश्न विचारला: "स्टेरॉइड कधीं दिलें होतें काय?" हा प्रश्न आमच्या वर्मीं लागला.

कारण असें कीं, गुंड्याचें पोट त्यापूर्वीं दीड वर्ष बिघडलेलें होतें. आठवड्यांतून दोन-तीनदां शौचास पातळ होई व मधूनमधून ओकारी. वहिनी घरगुती उपाय म्हणून त्यास दहीभात देत, साय काढलेलें दूध देत, कधीं साबुदाण्याची पेज देत. पोट राहीना, तेव्हां आम्हीं एका दवाखान्यांतून गोळ्या आणल्या. आठ दिवसांत जुलाब थांबले. मग आम्ही पुन्हां विचारावयास न जातां दुकानांतून त्याच गोळ्या आणून पांच महिने देत राहिलों. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या. आंतड्याची सूज त्यांनीं उतरते हें खरें, पण त्याच गोळ्या साखर चढवितात. दोष देणाराचा नव्हता. चिठ्ठीवर 'पंधरा दिवस' असें स्वच्छ लिहिलेलें होतें. पस्तीस वर्षें मुलांना 'प्रश्न नीट वाचा' असें बजावणाऱ्या मास्तरानें ती चिठ्ठी एकदांच वाचली होती.

या गोळ्या एकाएकीं बंदही करतां येत नाहींत. हळूहळू कमी करीत आणाव्या लागतात, व त्या कमी होतांच पोट पुन्हां उसळूं शकतें. पोटाचें औषध साखरेस नको आणि साखरेस सांभाळावें तर पोट हटवादी, अशा पेचांत सांपडलेलीं मांजरें थोडीं नसतात. डॉक्टर म्हणाले, "औषधाचा विचार मागाहून करूं. आधीं त्याच्या वाटींत काय पडतें तें सांगा." आम्हीं सांगितलें: सकाळीं दूधपोळी, दुपारीं दहीभात, मधल्या वेळीं दुकानांतील कोरड्या गोळ्या, रात्रीं पुन्हां दूधभात. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, "म्हणजे दोन्ही रोग एकाच वाटींतून आले आहेत."

मांजराचें शरीर मांसावर जगण्यासाठींच घडलेलें आहे. त्याच्या लाळेंत पिष्ट पचविणारा द्रव नाहीं. स्वादुपिंडांतून येतो तो अगदीं थोडा. जेवणानंतर एकदम आलेली साखर सांठवून घेण्यासाठीं माणसाच्या व कुत्र्याच्या यकृतांत जी तजवीज आहे, ती मांजराच्या यकृतांत जवळजवळ नाहीं. दूध पचविण्याची शक्ति पिलूपणाबरोबर ओसरते. मोठ्या मांजरास दूध प्रिय असतें, पण त्यांतील शर्करा न पचतां आंतड्यांत आंबते व जुलाब होतात. गोडाची चवही त्यास कळत नाहीं: गोड ओळखणारी जिभेवरील रचना मांजरांत निकामी झालेली आहे, असें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील संशोधकांनीं २००५ सालीं दाखवून दिलें. मांजर बासुंदीच्या पातेल्याशीं घोटाळतें तें सायीच्या स्निग्धपणासाठीं, साखरेसाठीं नव्हे. उलट टॉरीन नांवाचें एक द्रव्य त्यास बाहेरूनच मिळावें लागतें, आणि तें मांसांत असतें, धान्यांत नसतें. तें न मिळाल्यास मांजराची दृष्टि जाते व हृदय दुबळें होतें.

चरकानें प्रमेहाचीं जीं कारणें दिलीं आहेत, त्यांत बसून राहण्याचें सुख, झोपेचें सुख, दहीं, दूध, नवें धान्य व गुळाचे पदार्थ हीं येतात. घरीं परत येऊन आम्हीं तें प्रकरण पुन्हां काढून पाहिलें. गूळ तेवढा सोडला तर यादी गुंड्यावर लिहिल्यासारखी होती!

आमच्या घरीं मधुमेह हा पाहुणा नाहीं. थोरले बंधु दादा यांस तो वीस वर्षांपासून आहे, व त्यांचें इन्शुलिन फ्रिजच्या दारांत ठरल्या जागीं असतें. त्यामुळें गुंड्याचें निदान कळतांच घरांतील प्रत्येकजण त्या विषयांतील तज्ज्ञ झाला. भात बंद, ज्वारीची भाकरी दुधांत कुस्करून द्या. मेथ्यांची पूड द्या. कारल्याचा रस पाजा. नाचणीची आंबील उत्तम. शेजारच्या काकूंनीं जांभळाच्या बियांचें चूर्ण कागदांत बांधून पाठविलें. प्रेमानें सुचविलेल्या या गोष्टींत मांजराच्या उपयोगाचें कांहींच नव्हतें. दादांच्या पोटांत भाकरी सावकाश जिरते, म्हणून ती त्यांस पथ्यकर. गुंड्याच्या दृष्टीनें तांदूळ काय, ज्वारी काय, आणि नाचणी काय, सारें पिष्टच. त्याचें पथ्य एकच: ज्यांत पिष्ट अगदीं थोडें व प्राणिज प्रथिन भरपूर, असें ओलें अन्न.

आतां वाचकांच्या ध्यानांत अडचण आलीच असेल. आमच्या घरांत मांस कधीं आलेलें नाहीं. अंडें देखील सूनबाईंनीं नातवासाठीं आणलें तें पडवींतल्या शेगडीवर, व तेंही बरीच चर्चा होऊन. वहिनींचें सोवळें कडक. नैवेद्य झाल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घेत नाहींत. डॉक्टरांचें म्हणणें त्यांस सांगण्यास कोणी धजेना. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगा, तुमचं त्या ऐकतील." आम्हीं दोन दिवस लांबणीवर टाकलें. त्या दोन दिवसांत शाकाहारी अन्नांतून कांहीं जमतें काय याचा शोध घेतला. पनीर आणि अंडीं यांत प्रथिन चांगलें, परंतु त्यांवरच ठेवण्याइतकें तें अन्न मांजरास पुरें नाहीं. वरून टॉरीन घालून बनविलेलें शाकाहारी मार्जारान्न विलायतेंत मिळतें. पण तें बहुधा धान्यें व कडधान्यें यांवर उभारलेलें असतें, म्हणजे मधुमेही मांजरास पुन्हां तेंच.

शेवटीं तिसऱ्या दिवशीं देवपूजा आटोपल्यावर आम्हीं वहिनींस सर्व सांगितलें. त्या वाती वळीत होत्या. बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भावोजी, सासूबाईंनीं या घरांत पहिलं मांजर आणलं तें कशाला? माळ्यावरचे उंदीर मारायला ना? तेव्हां तें मारून खायचं आणि आपण दूध घालायचं. मारण्याचं पाप मांजराचं आणि दुधाचं पुण्य आपलं, असा तो हिशेब होता. आतां माळाही नाहीं आणि उंदीरही नाहींत. मग याला उपाशी मारायचं काय?" एवढें बोलून त्यांनीं अट घातली: भांडीं वेगळीं, जागा पडवीची, आणि डबा उघडणारानें हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरांत पाऊल टाकूं नये.

आम्ही मनुस्मृति वाचतांना 'बैडालव्रतिक' या शब्दाशीं कैकवेळां थांबलों आहों. मांजराचें व्रत चालविणारा, म्हणजे ढोंगी, असा त्याचा अर्थ. पंचतंत्रांतही हातांत दर्भ धरून नदीकांठीं बसलेलें साधु मांजर न्याय मागावयास आलेल्यांस खाऊन टाकतें. मांजराचा संन्यास खोटा असतो हें आपल्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. त्या ढोंगाचा दोष आम्हीं नेहमीं मांजरावरच ठेविला होता. येथें आम्हीं आपलें व्रत त्याच्यावर लादलें होतें, आणि त्याचें फळ तें भोगीत होतें. अहिंसेचा प्रश्न यानें सुटला असें आम्ही म्हणत नाहीं. तो सुटलेला नाहीं. डबा उघडतांना आजही मन चरकतें. ज्यांस हें मुळींच सोसणार नाहीं, त्यांनीं मांजर पाळण्यापूर्वींच विचार करावा, हें बरें.

बाजारांत दोन प्रकारचें अन्न मिळतें: कोरड्या गोळ्या, आणि डब्यांत वा पुड्यांत बंद केलेलें ओलें अन्न. वेष्टनावर पिष्टाचा आंकडा बहुधा छापलेला नसतो. तो आपणच काढावा लागतो, आणि हें काम आम्हांस फार आवडलें. शंभरांतून प्रथिन, स्निग्धांश, चोथा, पाणी व राख हीं वजा करावींत. बाकी राहील तें पिष्ट. राखेचा आंकडा दिलेला नसल्यास ओल्या अन्नांत सुमारें २ व कोरड्यांत सुमारें ८ धरावा. उदाहरणार्थ, एका ओल्या पुडींत प्रथिन १०, स्निग्धांश ५, चोथा १, पाणी ८० व राख २ असल्यास बेरीज ९८, व पिष्ट २. आतां उष्मांक काढतांना प्रथिन व पिष्ट यांस ३.५ नें आणि स्निग्धांशास ८.५ नें गुणावें: ३५, ४२.५ व ७, मिळून ८४.५. पैकीं पिष्टाचे ७, म्हणजे शेंकडा सुमारें ८. हाच हिशेब प्रथिन ३०, स्निग्धांश १०, चोथा ४, पाणी १० व राख ८ असलेल्या कोरड्या गोळ्यांचा केला, तर पिष्ट ३८ निघतें व उष्मांकांपैकीं शेंकडा ४१ पिष्टांतून येतात. मधुमेही मांजरास हें प्रमाण शेंकडा १२ च्या आंत असावें असें पशुवैद्य सांगतात. आमच्या गुंड्याच्या गोळ्यांचा आंकडा ४३ आला! नातवानें हें गणित तीन वेष्टनांवर करून पाहिलें. रश्शांतील तुकड्यांच्या पुड्यांत पुष्कळदां दाट होण्यासाठीं पीठ घातलेलें असतें; लगद्यासारखें असतें तें बहुधा बरें.

घरीं कोंबडीचें मांस उकडून द्यावें काय, असें कोणी विचारील. चार दिवसांच्या आजारपणांत तें चालतें, व त्याचें पाणीही द्यावें, कारण टॉरीन त्या पाण्यांत उतरतें. परंतु नुसतें उकडलेलें मांस हें पूर्णान्न नव्हे. त्यांत चुना नाहीं, आणि महिनोनमहिने त्यावर ठेवल्यास हाडें ठिसूळ होतात. त्यांत कांदा-लसूण तर चुकूनही पडूं नये. आमच्याकडे कांदा-लसूण चातुर्मासांत वर्ज्य, मांजरास तो बारमास वर्ज्य आहे. त्यानें रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात, आणि मधुमेही मांजराचें रक्त या बाबतींत अधिकच नाजूक असतें.

अन्न बदलण्यांत आमची एक चूक झाली. उत्साहाच्या भरांत एकाच दिवशीं सर्व जुनें बंद करून नवें सुरू केलें, व तिसऱ्या दिवशीं जुलाबानें पडवी धुवावी लागली. बदल सात ते दहा दिवसांत, थोडें थोडें मिसळीत करावयाचा असतो. शिवाय इन्शुलिन चालूं असतां पिष्ट कमी झालें कीं इन्शुलिनची गरजही उतरते. म्हणून हा बदल डॉक्टरांस सांगून, साखर मोजीतच करावा. दूध व कोरड्या गोळ्या सुटल्यावर पोट बरेंच शांत झालें, पण पूर्ण नव्हे. मग विष्ठा तपासून जंत व इतर सूक्ष्म जीव नाहींत याची खात्री केली, आणि रक्तांतील ब-१२ जीवनसत्त्व पाहिलें. तें फार खालीं होतें. आंतडें दीर्घकाळ सुजलेलें असलें म्हणजे हें जीवनसत्त्व शोषिलें जात नाहीं, आणि तें नसलें म्हणजे आंतडें भरून येत नाहीं. त्याच्या सुया सहा आठवडे, आठवड्यास एक, अशा घेतल्या. तिसऱ्या आठवड्यांत विष्ठा बांधून होऊं लागली, त्यानंतर स्टेरॉइडची गोळी अर्धी, पाव, व मग दिवसाआड करीत बंद झाली. ज्यांचें एवढ्यानें भागत नाहीं, त्यांच्यासाठीं पूर्वीं कधीं न खाल्लेल्या एकाच प्राण्याच्या मांसावर कांहीं आठवडे ठेवून पाहतात.

मांजराच्या शरीरांत स्वादुपिंडाची नळी व पित्ताची नळी आंतड्यास मिळण्यापूर्वीं एकत्र येतात. त्यामुळें आंतडें, यकृत व स्वादुपिंड या तिघांचें दुखणें एकमेकांस लागतें, आणि स्वादुपिंड वारंवार सुजल्यास साखरही हातांत राहत नाहीं. मधुमेही मांजराच्या ओकारीकडे दुर्लक्ष करूं नये तें यासाठीं. विष्ठा फिकट, पुष्कळ व तेलकट होऊं लागली, तर स्वादुपिंड पाचक रसच करीत नसेल, अशी शंका घ्यावी. त्यास वेगळें औषध आहे.

भाद्रपदांत उलटाच प्रकार झाला. पोट इतकें बांधलें कीं तीन दिवस शौच नाहीं. मूत्रावाटें पाणी जात असल्यामुळें मधुमेही मांजराच्या आंतड्यांत कोरडेपणा येतो. अन्नांत दोन चमचे कोमट पाणी कालवूं लागलों, व डॉक्टरांच्या सांगण्यावरून चहाचा पाव चमचा इसबगोल नीट भिजवून अन्नांत मिसळूं लागलों. इसबगोल जुलाबासही उपयोगी पडतो व मलावरोधासही. घरगुती उपायांपैकीं टिकला तो एवढाच. मलावरोधासाठीं माणसांस देतात तें गोड पातळ औषध मात्र शर्करेच्याच जातीचें असतें, म्हणून विचारल्यावांचून देऊं नये.

आतां इन्शुलिनविषयीं. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं हा शोध कुत्र्यांवर प्रयोग करून लाविला, व १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम माणसास दिलें गेलें. मुक्या प्राण्यांचें तें ऋण. आज माणसांसाठीं बनविलेलें ग्लार्जिन इन्शुलिन मांजरांस देतात. गुंड्यास सकाळीं व संध्याकाळीं १ युनिट सुरू झालें. मानेमागची सैल कातडी उचलून टोचावयाचें. सुई इतकी बारीक कीं तो खातां खातां मान देखील वर करीत नसे. अमेरिकेंत २०२२ पासून मांजरांसाठीं गोळीही मंजूर झालेली आहे. पण जें मांजर नीट खात नाहीं, ज्याचें स्वादुपिंड सुजलेलें आहे, किंवा ज्यास पूर्वीं इन्शुलिन दिलें आहे, त्यास ती चालत नाहीं.

श्रावणांतील एका रात्रींची गोष्ट लिहावयास संकोच वाटतो, तरी लिहितों. वीज गेली होती. सूनबाई माहेरीं, मुलगा परगांवीं. मेणबत्तीच्या उजेडांत आम्हीं गुंड्याची कुपी बरोबर घेतली, पण सुई घेतली ती दादांची. दादांचें इन्शुलिन दर मिलिलिटरास ४० युनिटांचें. त्याच्या सुईचें टोपण तांबडें. गुंड्याचें १०० युनिटांचें. त्याच्या सुईचें टोपण नारिंगी. तांबड्या सुईवर १ ची रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. तेवढ्या जागेंत १०० चें इन्शुलिन भरलें तर तें अडीच युनिट होतें. हें त्रैराशिक आम्हीं शेंकडों मुलांकडून करवून घेतलें असेल. रात्रीं एकच्या सुमारास वहिनी पाणी पिण्यास उठल्या, तेव्हां गुंड्या पडवीच्या दारांत आडवा पडलेला, मान लटपटत होती. त्यांनीं हांक मारली. दादांच्या यंत्रानें कानाच्या कडेचा थेंब पाहिला: ३८. माणसांचें यंत्र मांजराची साखर खरीपेक्षां थोडी कमी दाखवितें, तरी ३८ हा आंकडा भयंकरच. डॉक्टरांस उठविलें. त्यांनीं सांगितल्याप्रमाणें वहिनींनीं मधाचें बोट त्याच्या हिरड्यांस चोळलें. बेशुद्ध मांजराच्या घशांत कांहीं ओतूं नये, तें श्वासनळींत जातें. पंधरा मिनिटांनीं पुन्हां चोळलें. मग त्यानें डोळे उघडले व पडल्या पडल्या चमचाभर डबा खाल्ला. हें इन्शुलिन सावकाश उतरणारें असल्यामुळें पहांटेपर्यंत दर अर्ध्या तासानें साखर पाहत राहिलों. त्या पहांटे वहिनींनीं डब्याचा चमचा स्वतःच्या हातांत धरला होता, व नंतर थंड पाण्यानें स्नान केलें. आतां तांबड्या सुया दादांच्या खोलींत असतात, नारिंगी पडवींत. आणि मधाची बाटली घमेल्याच्या वरच्या फळीवर.

दुसरा नियम तेव्हांपासून भिंतीवर लिहून लाविला आहे. मांजर जेवलें नाहीं किंवा जेवण ओकून टाकलें, तर नेहमींचें इन्शुलिन टोचूं नये व मनानें बंदही करूं नये. तत्काळ डॉक्टरांस विचारावें. दिल्यास साखर एकदम उतरण्याचें भय. मुळींच न दिल्यास रक्तांत विषारी आम्लें सांचण्याचें. आणि कोणतेंही मांजर, विशेषतः लठ्ठ, दोन दिवस उपाशी राहिलें तर यकृतांत चरबी भरून तें दगावूं शकतें. 'लंघन परमौषध' हें आपल्या घरांतील आवडतें वचन मांजरास मारक आहे. यामुळेंच वजनही झटपट उतरवूं नये. गुंड्यास दिवसास साधारण तीन पुड्या, चार वेळांत विभागून, म्हणजे सव्वादोनशेंच्या आंतबाहेर उष्मांक मिळतात.

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००९ सालीं एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेह नुकताच कळलेल्या आठ मांजरांस त्यांनीं ग्लार्जिन व अल्पपिष्ट आहार यांवर ठेविलें, आणि आठही पुढें इन्शुलिनवांचून राहूं लागलीं. आठ ही संख्या थोडी आहे. सर्वत्र इतकें यश येत नाहीं, आणि रोग उलटूंही शकतो. गुंड्याचें इन्शुलिन आश्विनांत अर्ध्या युनिटावर आलें व मार्गशीर्षांत बंद झालें. रोग गेला असें न म्हणतां दबला म्हणावें, असें डॉक्टर बजावतात, व आम्ही दर रविवारीं कानाचा थेंब पाहतों. वजन पांच किलो आहे. मागच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या आहेत, जरी माळ्याच्या शिडीवर तो अजून चढत नाहीं. मागील पंधरवड्यांत दादांच्या ताटांतील कढीभात त्यानें चाटला. दुसऱ्या दिवशीं पोटानें लगेच उत्तर दिलें, साखर मात्र ११२ च राहिली. संक्रांतीस आलेले एक पाहुणे म्हणाले, "अरेरे, फारच रोडावला हो तुमचा बोका! दूध वगैरे देतां कीं नाहीं?" वहिनी पडवींतून हात धूत आंत येत होत्या, त्यांनींच त्यांस पाटावर बसवून सर्व हकीकत सांगितली, वेष्टनावरील गणितासकट.